किनाऱ्याला न पोचलेला वस्ताद

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. शिक्षणाचे अर्धेअधिक तत्त्व या चार शब्दांत सामावलेले आहे. जो पुढे गेला, पडला आणि पुन्हा उठला, त्याने मागून येणाऱ्याला वाटेतील खाचखळगे दाखवावेत, हेच गुरूचे काम होय. परंतु या म्हणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ठेच लागलेल्याने ठेचेची जागा तेवढी दाखवावी. आपल्या पायाची वेदना मागच्याच्या पायात उतरवू नये. व्यवहारात मात्र नेहमी असे घडत नाही. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य स्वतः ताक फुंकून पितो, एवढ्यावर थांबत नाही. शेजारी बसलेल्यालाही तो फुंकावयास लावतो.

जलतरणाच्या इतिहासात या गोष्टीचे एक ठळक उदाहरण आढळते. जेबेझ वुल्फ हे त्या वस्तादाचे नाव. इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा त्याने बावीस वेळा प्रयत्न केला आणि तो एकदाही पैलतीराला लागला नाही. पुढे त्याने इतरांना शिकविण्याचे काम पत्करले. त्याच्या हाती आलेली सर्वांत गुणी शिष्या अर्ध्याहून अधिक खाडी ओलांडून गेली असताना त्याने तिला पाण्याबाहेर काढावयास लावले. तो दिवस होता १८ ऑगस्ट १९२५. तिचा जीव वाचवावा म्हणून त्याने तसे केले, की तिचे यश त्याच्याने पाहवले नाही म्हणून, हा वाद त्या दिवशी सुरू झाला आणि वुल्फच्या मृत्यूनंतरही मिटला नाही. या वादाचा विचार करावयाचा तर आधी ती खाडी कशी आहे हे समजून घेतले पाहिजे.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधील समुद्र डोव्हर गावाजवळ सर्वांत अरुंद आहे. तेथील अंतर सुमारे एकवीस मैल, म्हणजे तेहतीस किलोमीटर. स्वच्छ हवेत एका तीरावरून दुसऱ्या तीराच्या पांढुरक्या कडा दिसतात. एवढे अंतर संथ पाण्याच्या तलावात पुष्कळांना तोडता येईल. परंतु ही खाडी संथ नाही. भरती-ओहोटीचे प्रवाह तीमधून आडवे धावतात आणि साधारण दर सहा तासांनी आपली दिशा पालटतात. पोहणारा समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत असतो, आणि पाणी त्याला कधी उजवीकडे, कधी डावीकडे मैलच्या मैल ओढून नेत असते. त्यामुळे त्याचा मार्ग सरळ रेषेसारखा न राहता नागमोडी होतो, आणि एकवीस मैलांची वाट तीस-पस्तीस मैलांची होऊन बसते. सर्वांत मोठी क्रूरता शेवटच्या टप्प्यात असते. इंग्लंडकडून निघालेला मनुष्य फ्रान्सच्या ग्री-ने नावाच्या भूशिरापाशी वेळेवर पोचला नाही, तर त्यापुढे किनारा मागे सरकत जातो, प्रवाह फिरतो, आणि हाताशी आलेली जमीन तासन्‌तास हाताशीच राहते.

दुसरा शत्रू थंडी. ऐन ऑगस्टातही तेथील पाणी सोळा-सतरा अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. मुंबईच्या चौपाटीवरील पाणी भर हिवाळ्यातही याहून कितीतरी ऊबदार असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या थंडीची कल्पना येईल. पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा अनेक पटींनी लवकर शोषून घेते. म्हणूनच पोहणारे सर्वांगाला चरबीचा जाड लेप देत असत. उष्णता कमी झाली म्हणजे आधी कापरे भरते, मग बोटे आखडतात, जीभ जड होते, आणि शेवटी बुद्धीवरच झापड येते. या अवस्थेचा एक विशेष असा की, ज्याची शुद्ध हरपत चालली आहे त्याला स्वतःला ते कळत नाही. ‘कसे काय वाटते?’ असे विचारावे तर तो ‘उत्तम’ म्हणून उत्तर देतो आणि दोन हात मारून बुडू लागतो. म्हणून होडीत बसून लक्ष ठेवणाऱ्या माणसाला केवळ पोहणाऱ्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. ही एवढी गोष्ट पुढील हकीकत वाचताना विसरू नये.

ही खाडी प्रथम पोहून गेला तो कॅप्टन मॅथ्यू वेब. १८७५ च्या ऑगस्टात पावणेबावीस तास पाण्यात राहून तो डोव्हरहून कॅलेला पोचला. आठच वर्षांनी नायगाराच्या भोवऱ्यांत उडी घेऊन त्याने आपला अंत ओढवून घेतला. वेबच्या मागून पुष्कळांनी प्रयत्न केले. पण छत्तीस वर्षांत दुसरा कोणी पार गेला नाही. खाडी पोहून जाणे हा एकदाच घडलेला चमत्कार होय, असेच लोक समजू लागले होते. याच छत्तीस वर्षांच्या उत्तरार्धात दोन माणसांनी जणू या खाडीशी वैर धरले. एक टॉमस विल्यम बर्जेस आणि दुसरा जेबेझ वुल्फ.

वुल्फचा जन्म १८७६ मधला, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातला, ज्यू कुटुंबातला. अंगाने तो भरदार होता, आणि थंड पाण्यात टिकण्यास अशीच शरीरयष्टी उपयोगी पडते. १९०६ मध्ये त्याने खाडीत पहिली उडी घेतली आणि पुढे वर्षामागून वर्षे घेतच राहिला. होडीत एक स्कॉटिश वादक बसवून त्याला तो बॅगपाइप नावाचे मशकवाद्य वाजवावयास लावी, आणि त्या ठेक्यावर आपल्या हातांची लय सांभाळी. बहुतेक नोंदींप्रमाणे त्याचे बावीस प्रयत्न झाले. त्यांपैकी तीन वेळा तो किनाऱ्यापासून मैलाच्या आत होता. एकदा तर जेमतेम शंभर यार्ड उरले होते, असे सांगतात. शंभर यार्ड म्हणजे एखाद्या शाळेच्या पटांगणाची लांबी. तेवढे पाणी त्याला ओलांडता आले नाही. प्रवाह फिरला आणि त्याला उचलून होडीत घ्यावे लागले.

बर्जेसचेही दैव प्रथम असेच होते. तोही डझनाहून अधिक वेळा हरला. परंतु ६ सप्टेंबर १९११ रोजी साडेबावीस तासांच्या झुंजीनंतर त्याचे पाय फ्रान्सच्या वाळूला लागले. वेबनंतरचा दुसरा मनुष्य म्हणून त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. वुल्फने याच काळात तेवढाच घाम गाळला होता. त्याच्या वाट्याला मात्र फक्त आकडा आला. यश आणि अपयश यांच्यात कित्येकदा गुणांचे अंतर नसते, शंभर यार्डांचे असते. पण जग शंभर यार्ड मोजीत बसत नाही.

तथापि वुल्फचे हे सारे श्रम निव्वळ वाया गेले असे म्हणता येणार नाही. बावीस वेळा हरलेल्या माणसाला ती खाडी जितकी ठाऊक होती तितकी फार थोड्यांना असेल. कोणत्या वेळी निघावे, कोणता प्रवाह कोठे फिरतो, पाण्यात असताना काय खावे, अंगाला कोणता लेप लावावा, हे ज्ञान त्याने स्वतःच्या देहावर मिळविलेले होते. त्यामुळे पहिल्या महायुद्धानंतर खाडी पोहण्याची लाट पुन्हा उसळली, तेव्हा शिकाऊ मंडळी सल्ल्यासाठी त्याच्याकडे येऊ लागली. १९२३ मध्ये एकाच उन्हाळ्यात तिघे पुरुष पार झाले. त्यांपैकी एन्रिके तिराबोकी याने फ्रान्सकडून इंग्लंडकडे येण्याची उलटी दिशा धरली आणि साडेसोळा तासांत खाडी ओलांडली. आता प्रश्न एवढाच उरला होता की, एखादी स्त्री हे करू शकेल काय? वैद्यांपासून वृत्तपत्रकारांपर्यंत बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच होते.

हे उत्तर खोटे पाडण्यास निघालेली तरुणी म्हणजे गर्ट्रूड एडर्ली. तिचा जन्म १९०५ मध्ये न्यूयॉर्क शहरात झाला. बाप जर्मनीतून येऊन तेथे स्थायिक झालेला खाटीक. लहानपणी गोवराच्या आजारात तिचे कान अधू झाले. पाण्यात जाल तर उरलेसुरले ऐकूही जाईल, अशी ताकीद तिला देण्यात आली होती. तिने ती मानली नाही. न्यूयॉर्कच्या स्त्रियांच्या जलतरण संघात लुई हँडली नावाच्या शिक्षकाने तिला क्रॉल पद्धतीत तयार केले. या पद्धतीत तोंड पाण्यात ठेवून हात एकामागून एक डोक्यावरून पुढे टाकावयाचे, आणि पाय कात्रीसारखे सारखे हलते ठेवावयाचे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने सांघिक शर्यतीत सुवर्णपदक आणि वैयक्तिक शर्यतींत दोन कांस्यपदके मिळविली. पुढच्या वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बॅटरी धक्क्यापासून सँडी हुक या भूशिरापर्यंतचे वीस मैलांहून अधिक अंतर तिने सात तास अकरा मिनिटांत कापले आणि पुरुषांचा तोवरचा विक्रमही मागे टाकला. तिच्या संघाने मग तिला इंग्लिश खाडीसाठी युरोपास धाडले, आणि शिक्षक म्हणून तिच्यावर जेबेझ वुल्फची नेमणूक झाली. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती आणि वुल्फ पन्नाशीच्या घरात आला होता.

गुरुशिष्यांचे पहिल्यापासूनच जमले नाही. वुल्फचे म्हणणे असे की, मुलगी सराव मनापासून करीत नाही. युकुलेले नावाचे तंतुवाद्य वाजवीत बसते. मुलीचे म्हणणे असे की, हा गृहस्थ मला मुद्दाम मंद पोहावयास लावतो. वरवर पाहता हे स्वभावांचे भांडण दिसते. पण त्याच्या मुळाशी विद्येचाच एक गंभीर प्रश्न होता. वुल्फच्या पिढीने खाडी ओळखली ती ब्रेस्टस्ट्रोकसारख्या संथ पद्धतींनी. वीस-बावीस तास पाण्यात राहावयाचे तर शक्ती पुरवून पुरवून वापरली पाहिजे. क्रॉलची दमछाक एवढा वेळ कोणाला झेपणार नाही, असा त्या लोकांचा सिद्धांत होता. ज्याने स्वतः पुन्हा पुन्हा पाण्यात शक्ती संपताना पाहिली, त्याचा हा सिद्धांत किती पक्का झाला असेल याची कल्पना करावी. तिच्या वेगात त्याला दिसत होती ती पुढे येणारी ग्लानी.

परंतु येथेच त्याचा अनुभव त्याला फसवीत होता. वेग ही केवळ उधळपट्टी नव्हती. त्या खाडीत वेग हेच संरक्षण होते. जो सोळा तासांऐवजी चौदा तासांत पार होतो, त्याला दोन तासांची थंडी कमी सोसावी लागते, आणि प्रवाहाचा एखादा फेरा त्याला गाठण्यापूर्वीच तो किनाऱ्याला लागतो. संथ पोहणाऱ्याला जी खाडी भेटते, तीच वेगाने पोहणाऱ्याला भेटत नाही. वुल्फला एकच खाडी ठाऊक होती, आणि ती त्याला पूर्ण ठाऊक होती. दुसरीही एक असू शकते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. अनुभवी शिक्षकाला घडणारी ही सर्वांत सामान्य चूक होय. नवे गणित जुन्या रीतीने सुटत नाही म्हणून विद्यार्थ्यालाच मठ्ठ ठरविणारे शिक्षक प्रत्येक शाळेत आढळतात. त्यांचे ज्ञान खोटे नसते, त्याची मुदत संपलेली असते.

१८ ऑगस्ट १९२५ रोजी एडर्लीने ग्री-ने भूशिरावरून पाण्यात प्रवेश केला. होडीत वुल्फ होता. सोबतीला इसाक हेल्मी नावाचा इजिप्तचा धिप्पाड जलतरणपटू पाण्यात होता. पहिले काही तास ती उत्तम वेगाने गेली. पुढे समुद्र खवळला. पावणेनऊ तासांच्या सुमारास एक लाट तिच्या तोंडावर आली. तिच्या नाकातोंडात पाणी गेले, ती खोकू लागली आणि तोंड खाली घालून तरंगत राहिली. वुल्फने ते पाहिले आणि तिला धरण्यास हेल्मीला सांगितले. हेल्मीचा हात तिच्या अंगाला लागला. खाडी पोहण्याचा नियम असा की, दुसऱ्या कोणाचाही स्पर्श झाला की प्रयत्न संपला. तिला वर घेण्यात आले. शुद्धीवर असलेल्या आणि संतापलेल्या एडर्लीने सांगितले की, आपण बुडत नव्हतो, केवळ क्षणभर विसावलो होतो. आणखी पुष्कळ वेळ आपण पोहू शकलो असतो. वुल्फ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. तिची अवस्था धोक्याची होती आणि आपण आपले कर्तव्य केले, अशी त्याची भूमिका होती.

वृत्तपत्रांना हा विषय पुरून उरला. कित्येकांनी उघड म्हटले की, जे बावीस वेळा स्वतःला जमले नाही ते एका मुलीने पहिल्याच खेपेस करून दाखवावे, हे वुल्फला सोसले नाही. काहींनी याहून वाईट तर्क लढविले. पण त्यांना पुरावा कधी मिळाला नाही. दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्यांनी विचारले की, ती खरोखरच बुडाली असती तर याच लोकांनी वुल्फला काय म्हटले असते? या प्रश्नाला उत्तर नाही. होडीतून पाहणाऱ्या माणसाला विसावा आणि ग्लानी ही दोन्ही सारखीच दिसतात: पाण्यावर पालथे पडलेले एक शरीर आणि थांबलेले दोन हात. थंडीने बुद्धी मंदावलेला मनुष्य ‘मी ठीक आहे’ असेच म्हणतो, हे वर सांगितलेच आहे. शिवाय एडर्लीला कमी ऐकू येत असे. वाऱ्यात आणि लाटांत तिला हाक मारून उत्तर मिळविणे ही सोपी गोष्ट नव्हती. जो निर्णय घ्यावयाला काही क्षणच हाती होते, त्या निर्णयामागे दया होती की मत्सर, हे बहुधा वुल्फला स्वतःलाही सांगता आले नसते. माणसाच्या मनात या दोन गोष्टी वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेल्या नसतात.

मग वुल्फचा दोष नेमका कोणता? याचे उत्तर पुढील वर्षीच्या हकीकतीत सापडते.

१९२६ मध्ये एडर्ली पुन्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर आली. वुल्फ तिला नको होता. या वेळी तिने शिक्षक निवडला तो वुल्फचा जुना प्रतिस्पर्धी बर्जेस. वुल्फच्या अपयशाला उत्तर म्हणून बर्जेसचे यश तिने जवळ केले, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण खरा फरक दुसराच होता. या वेळी तिचा बाप आणि बहीण मार्गारेट ही दोघेही बोटीवर होती. आणि तिने स्वतः सांगितल्याशिवाय कोणीही तिला हात लावावयाचा नाही, हे बापाशी आधीच ठरलेले होते. पोषाखाचाही विचार तिने आणि बहिणीने मिळून केला होता. जुना अंगभर जड पोषाख टाकून दोन भागांचा हलका पोषाख शिवून घेतला होता, आणि डोळ्यांवरील चष्म्याच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या, जेणेकरून खाऱ्या पाण्याचा थेंबही आत जाऊ नये. खाडी पार झाल्यास नवी तांबडी मोटार घेऊन देण्याचे बापाने कबूल केले होते.

६ ऑगस्ट रोजी सकाळी सात वाजून काही मिनिटांनी ती निघाली. सोबत अल्सास नावाची टगबोट होती. दुपारनंतर हवा बिघडली. पाऊस आला, लाटा उंच झाल्या. बाराव्या तासाच्या सुमारास बोटीवरील मंडळींचा धीर सुटला. आणि येथे या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट घडली. तिला आता बाहेर काढावे, असे म्हणणाऱ्यांत स्वतः बर्जेस होता. खाडी जिंकलेल्या बर्जेसलाही तेच वाटले, जे वर्षापूर्वी खाडीकडून हरलेल्या वुल्फला वाटले होते. मग त्या दिवशी एडर्ली बाहेर का निघाली नाही? कारण बर्जेसचा हात वाटेल तेव्हा तिच्यापर्यंत पोचणार नव्हता. आधी ठरलेल्या करारामुळे तिला विचारणे भाग होते. बाहेर ये, असे ओरडून सांगण्यात आले. तिने पाण्यातून मान वर केली आणि उलट विचारले, ‘कशासाठी?’

त्या प्रश्नाला बोटीवरील कोणापाशी उत्तर नव्हते. रात्री ती इंग्लंडमधील किंग्सडाउन गावाच्या किनाऱ्यावर स्वतःच्या पायांनी चालत गेली. तिला लागलेला वेळ साडेचौदा तासांच्या आसपास होता. तोवर पार झालेल्या पाचही पुरुषांपेक्षा तो कमी होता, आणि तिराबोकीच्या विक्रमापेक्षा सुमारे दोन तासांनी कमी होता. प्रवाहांमुळे तिला सुमारे पस्तीस मैल पोहावे लागले. न्यूयॉर्कला परतल्यावर तिची प्रचंड मिरवणूक निघाली. त्याच ऑगस्टच्या अखेरीस दोन मुलांची आई असलेली मिल गेड कॉर्सन ही दुसरी स्त्री पार झाली. तिच्यामागून अवघ्या दोन दिवसांत जर्मनीच्या अर्न्स्ट फीरकोटर याने तेरा तासांच्या आत खाडी ओलांडली, आणि पुढच्या महिन्यात फ्रान्सच्या जॉर्ज मिशेलने बारा तासांचीही मर्यादा मोडली. संथपणे पोहावे, शक्ती राखावी, या जुन्या सिद्धांताचा निकाल त्या एका उन्हाळ्यात लागला. स्त्रियांमध्ये मात्र एडर्लीचा विक्रम १९५० पर्यंत टिकला. त्या वर्षी फ्लॉरेन्स चॅडविकने तो मोडला.

आता वुल्फच्या दोषाकडे पुन्हा वळावे. त्याने भीती बाळगली हा दोष नव्हे. बर्जेसलाही तीच भीती वाटली. तिला थांबवावेसे वाटले हाही दोष नव्हे. ज्या शिक्षकाला शिष्य बुडताना पाहून थांबवावेसे वाटत नाही, त्याच्या हाती मूल देऊ नये. दोष होता तो किनाऱ्यावरचा. पाण्यात उतरण्यापूर्वी, दोघेही सुक्या वाळूवर शांत चित्ताने उभे असताना, कोणत्या खुणेवर थांबावयाचे, कोणी सांगावयाचे, कोणाचा शब्द शेवटचा, हे शिष्येच्या विश्वासास पात्र होईल अशा रीतीने ठरलेले नव्हते. गुरू म्हणेल ते प्रमाण, एवढेच गृहीत होते. आणि सरावाच्या काळात ज्या गुरूने शिष्येच्या पद्धतीवर अविश्वास दाखविला, त्याचा हात अखेरच्या क्षणी तिच्याकडे आला, तेव्हा तो साहाय्याचा हात आहे असे तिला वाटणे शक्यच नव्हते. तोच हात विश्वासाच्या माणसाचा असता, तर कदाचित तिने तो रागावून का होईना, पण मानला असता. शिक्षकाची सत्ता संकटकाळी वापरता यावी म्हणून ती रोजच्या व्यवहारात काटकसरीने वापरावी लागते. वुल्फने आपली सारी पुंजी सरावातच खर्च करून टाकली होती.

पुढे या खाडीचे नियम अधिक काटेकोर झाले. १९२७ मध्ये एका इंग्रज डॉक्टरीणबाईने आपण खाडी पोहून गेलो असे जाहीर केले, आणि काही दिवसांनी स्वतःच कबूल केले की, देखरेख किती ढिली आहे हे दाखविण्यासाठी आपण ही थाप मारली. त्याच वर्षी खाडी पोहणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. आजही निरीक्षकासमोर पोहावे लागते, आजही स्पर्श झाला की प्रयत्न संपतो, आणि पोहणाऱ्याच्या जिवाला धोका दिसल्यास प्रयत्न थांबविण्याचा अधिकार बोटीवरील नाविकाला असतो. मात्र हे सर्व पोहणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि त्याने ते मान्य केलेले असते. वुल्फने जे एका क्षणात, कोणाला न विचारता केले, तेच आज नियमाच्या रूपाने शिल्लक आहे. या खाडीने पुढील काळात काही पोहणाऱ्यांचे प्राण घेतले आहेत. तेव्हा हा अधिकार निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या देशालाही या प्रश्नाचा अनुभव आलेला आहे. कलकत्त्याची आरती साहा १९५९ च्या ऑगस्टात खाडीत उतरली. तिची सोबतीची बोट उशिरा आली, प्रवाह उलटला, आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना नाविकाच्या आग्रहामुळे तिला प्रयत्न सोडावा लागला, असे सांगतात. महिनाभराने, २९ सप्टेंबर रोजी, ती पुन्हा उतरली आणि सोळा तास वीस मिनिटांत पार झाली. असे करणारी ती आशियातील पहिली स्त्री. पहिल्या खेपेस तिला थांबविणारे चुकले की बरोबर होते, हे कोणी सांगावे? एवढे मात्र खरे की, त्या दिवशी ती सुखरूप बाहेर आली म्हणून महिन्याने पुन्हा उतरू शकली. एडर्लीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १९२५ मध्ये तिला ओढून काढले नसते तर ती त्याच दिवशी जिंकली असती, किंवा १९२६ पाहण्यास ती उरलीच नसती. दोन्ही गोष्टी शक्य होत्या. वुल्फच्या विरोधकांनी पहिलीच तेवढी पाहिली.

जेबेझ वुल्फ १९४३ मध्ये वारला. आज त्याचे नाव निघते ते दोनच कारणांसाठी: बावीस अपयशे आणि एका मुलीचे हिरावलेले यश. त्याने पाण्यात घालविलेले शेकडो तास, प्रवाहांचे त्याने मिळविलेले ज्ञान, हारल्यावर दर वेळी पुन्हा चरबी चोपडून उतरण्याची त्याची हिंमत, यांचा कोणी हिशेब ठेवला नाही. हा अन्याय आहे. परंतु ज्याला दुसऱ्याच्या मुलाला वळण लावावयाचे आहे, त्याने तो अन्याय पाहून केवळ हळहळू नये. स्वतःच्या बावीस ठेचा मोजून घ्याव्यात, आणि त्यांतली कोणती वाटेत आहे व कोणती केवळ आपल्या पायात आहे, हे निवडून ठेवावे.

एडर्लीची श्रवणशक्ती पुढे जवळजवळ नाहीशी झाली. पाठीच्या एका जबर दुखापतीतून ती मोठ्या कष्टाने सावरली. नंतरच्या आयुष्यात तिने न्यूयॉर्कमध्ये कर्णबधिर मुलांना पोहावयास शिकविले. २००३ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन ती वारली. काठावरून मारलेली हाक ज्यांना ऐकू जात नाही, अशा मुलांना पोहावयास शिकवावयाचे तर खुणा आधीच ठरवाव्या लागतात: हात असा केला म्हणजे थांब, तसा केला म्हणजे पुढे जा. मूल पाण्यात उतरण्यापूर्वीच शिक्षकाने त्याच्याशी हे बोलून घ्यावे लागते.